बीपी ठीक आहे, पेशंट ठीक नाही

वॉर्डातले प्रश्न : नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी

या वेळी पाच पत्रं निवडली आहेत. औषधांचे डोस लेखी ऑर्डर आणि आपल्या रुग्णालयाचा प्रोटोकॉल पाहूनच द्यायचे असतात. इथे ते आले आहेत ते हिशेब कळावा म्हणून.

प्रश्न : सिझर होऊन आलेल्या एका ताईंची नाडी १२ वाजता ८४, साडेबाराला ९८ आणि १ वाजता ११८ होती. बीपी अनुक्रमे ११८/७६, ११४/८० आणि ११०/८४. त्या अस्वस्थ होत्या, सारखं पाणी मागत होत्या. बीपी नॉर्मल म्हणून मी तक्ता भरला आणि पुढच्या बेडकडे गेले. पाऊण तासाने वरचं बीपी एकदम ७० झालं. माझं काय चुकलं?
(बी.एस्सी. नर्सिंग, तिसरं वर्ष, लातूर)

उत्तर : बीपी तुम्ही बरोबर मोजलं होतं. चूक झाली ती वाचताना. तुम्ही प्रत्येक वेळचा आकडा पुस्तकातल्या नॉर्मलशी ताडून पाहिला, त्याच बाईच्या अर्ध्या तासापूर्वीच्या आकड्याशी नाही.

तुमचेच तीन आकडे एकाखाली एक मांडा. वरचं बीपी ८ ने उतरलं, पण खालचं ८ ने चढलं. दोहोंतला फरक आधी ४२ होता, मग ३४, मग २६. रक्त जायला लागलं की शरीर कातडीच्या, हातापायांच्या, आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं, म्हणून खालचं बीपी चढतं. हृदयात भरणारं रक्तच कमी झाल्याने दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्तही घटतं, म्हणून वरचं हळूहळू उतरतं. ती तूट भरून काढायला नाडी पळते. फरक आक्रसणं आणि नाडी वाढणं या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की रक्त कुठे जातंय हे शोधायचं, बीपी पडायची वाट बघायची नाही.

याचा एक सोपा भागाकार आहे. नाडीला वरच्या बीपीने भागा, त्याला शॉक इंडेक्स म्हणतात. तुमच्या पेशंटचा १२ वाजता ०.७१, साडेबाराला ०.८६ आणि १ वाजता १.०७ होता. बाळंतिणीत ०.९ किंवा त्याहून जास्त आला तर तो धोक्याचा इशारा धरतात. म्हणजे बीपी ‘पडलं’ त्याच्या पाऊण तास आधीच तक्ता ओरडत होता.

बाळंतिणीत ही फसगत जास्त होते, कारण गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं. तरुण, धडधाकट बाई बऱ्याचदा दीड लिटरच्या आसपास रक्त जाईपर्यंत बीपी तोलून धरते आणि मग ते कड्यावरून पडावं तसं पडतं. उलट हिमोग्लोबिन आधीच ७-८ असेल तर त्याहून खूप कमी रक्त गेलं तरी बाई ढासळते. आपल्याकडे अशा बायका कमी नाहीत, म्हणून ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती) घेतानाच शेवटचं हिमोग्लोबिन विचारून ठेवा.

‘दुखण्यानेही नाडी वाढते की’ असं वाटेल, आणि ते रास्त आहे. पण दुखण्यात बहुधा वरचं बीपीही चढतं आणि हात गरम असतात. रक्त जात असेल तर वरचं बीपी जागेवर राहतं किंवा उतरतं, हात गार आणि चिकट लागतात. नख पाच सेकंद दाबून सोडल्यावर रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात. तहान आणि अस्वस्थपणा हीसुद्धा लक्षणंच. मेंदूला रक्त कमी पडलं की माणूस आधी बेचैन होतो आणि मग गुंगतो. अशा बाईला ‘शांत झोपा हो ताई’ म्हणून झोपेचं इंजेक्शन मिळालं तर ही खूणही पुसली जाते.

दोन सापळे ध्यानात ठेवा. बीपीसाठी लॅबेटॅलॉल चालू असेल तर रक्त गेलं तरी नाडी फारशी वाढणार नाही. आणि जिचं बीपी कालपर्यंत १६०/११० होतं, तिचं आजचं ११०/७० हे ‘छान आटोक्यात आलं’ असं लिहिण्याआधी पॅड बघा.

पॅड बघायचं म्हणजे नुसतं वरून नाही. रक्त पाठीखाली ओघळतं, तेव्हा बाईला कुशीवर करून कंबरेखालची चादर आणि मॅकिंटॉश (रबरी कापड) बघा. भिजलेले पॅड बाळाच्या वजनकाट्यावर ठेवा आणि कोऱ्या पॅडचं वजन वजा करा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली रक्त. ‘थोडंसं ब्लीडिंग’ या शब्दांनी डॉक्टरांना काहीच कळत नाही, ‘अर्ध्या तासात ३५० ग्रॅम’ यातून कळतं. मग बेंबीजवळ हात ठेवून गर्भाशय चाचपा. नारळासारखं घट्ट लागलं पाहिजे. कणकेच्या गोळ्यासारखं मऊ लागलं तर तिथूनच चोळायला सुरुवात करा. ते वर आणि एका बाजूला सरकलेलं असेल तर मूत्राशय भरलंय, आणि भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला आकुंचन पावू देत नाही. कॅथेटर असूनही हे होतं: नळी मांडीखाली दबलेली असते किंवा शिफ्टिंगच्या वेळी लावलेला क्लॅम्प कुणी काढलेला नसतो.

गर्भाशय घट्ट आहे, पॅड कोरडं आहे आणि तरी नाडी चढतेच आहे, ही सिझरनंतरची सगळ्यांत फसवी अवस्था. रक्त पोटात साठत असू शकतं. पोट फुगतं, खांद्याच्या टोकाला दुखतं, लघवी ताशी ३० मिलीच्या खाली जाते. इथे चोळत बसून उपयोग नाही, सर्जनला तिथे आणा.

मदतीला हाक मारल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांत तुमच्या हातात काय आहे? बाईला सपाट झोपवून पाय उंच करणं, मास्कने ऑक्सिजन, आणि हातात निळा २२ नंबरचा कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) असेल तर हिरवा १८ किंवा राखाडी १६ नंबर लावणं. निळ्या बारीक नळीतून रक्त लवकर चढत नाही. सुई टोचलीच आहे तर ग्रुपिंग-क्रॉसमॅचचं रक्त त्याच वेळी काढा, नसा मिटल्यावर मिळत नाही. बाळ जन्मल्याची वेळ केसपेपरवर ठळक लिहा. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा १ ग्रॅम डोस प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत द्यायचा असतो आणि दर १५ मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा घटतो. गर्भाशय आवळणारं इंजेक्शन सांगितलं आणि ते मिथाइलअर्गोमेट्रीन असेल, तर बाईला बीपीचा त्रास होता का हे आधी बोला. असेल तर ते चालत नाही.

आणि सिझरनंतरच्या पहिल्या दोन तासांत तपासणी दर १५ मिनिटांनी करायची, अर्ध्या तासाने नाही.

प्रश्न : आमच्या वॉर्डात टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्टवर सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला असतो. एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) दिसतोच, मग श्वास मोजायची खरंच गरज आहे का?
(जीएनएम, दुसरं वर्ष, परभणी)

उत्तर : चाळीस पेशंट आणि चाळिसांचाही श्वास २०, हा चार्ट बघून हसावं की रडावं कळत नाही. पेशंट बिघडू लागला की बहुतेक वेळा सगळ्यांत आधी हलणारा आकडा हाच, आणि वॉर्डात न मोजता लिहिला जाणारा आकडाही हाच.

एसपीओटू त्याची जागा घेऊ शकत नाही. रक्तात आम्ल वाढलं की, उदाहरणार्थ सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर भिनल्यावर) किंवा शुगर वाढून कीटोन झाले असताना, ते बाहेर टाकायला माणूस ३०-३२ वेळा खोल श्वास घेतो. फुप्फुसं चांगली असतात, त्यामुळे बोटावरचं यंत्र ९८ दाखवत राहतं. ऑक्सिजन चालू असेल तर ते आणखी उशिरा खाली येतं. दुसऱ्या टोकाला, दुखण्यावर मॉर्फीन किंवा ट्रामाडॉल दिलेल्या पेशंटचा श्वास ८ वर आला तरी ऑक्सिजन लावलेला असल्याने यंत्र बराच वेळ खूश असतं.

मोजायचं असं: नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका. पेशंटला वाटू द्या की नाडीच चालली आहे, कारण ‘श्वास मोजतेय’ म्हटलं की श्वास बदलतो. त्याचाच हात त्याच्या छातीवर ठेवा, म्हणजे चादरीवरूनही हालचाल दिसते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चार होते आणि २० चे २४ होतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या ‘न्यूज टू’ या गुणपद्धतीत (जास्त गुण म्हणजे जास्त धोका; मूळ २०१२, सुधारित २०१७) १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला २ आणि २५ किंवा जास्तला थेट ३ आहेत. श्वास ८ किंवा कमी असेल तरी ३. तेव्हा २० आणि २४ यांतला फरक किरकोळ नाही.

प्रश्न : इंटर्नशिपमध्ये रात्री डॉक्टरांना फोन केला की ‘नेमकं काय ते सांगा’ म्हणून चिडतात. मी घाबरून सगळं पहिल्यापासून सांगत बसते.
(जीएनएम इंटर्न, कोल्हापूर)

उत्तर : चिडणं बरोबर नाही, पण झोपेतून उठलेल्या माणसाला पहिल्या दहा सेकंदांत ‘उठून जावं लागेल का’ एवढंच हवं असतं, हे धरून चाला. फोन करण्याआधी केसपेपर, औषधांचा चार्ट आणि आत्ता, म्हणजे पाच मिनिटांत मोजलेले आकडे हातात घ्या. ६ वाजताचं बीपी २ वाजता सांगितलं तर बोलणी खावी लागणारच.

क्रम असा: आत्ता काय झालंय, मागची हकीकत दोन वाक्यांत, तुम्ही काय बघितलं, तुम्हाला काय हवंय. उदाहरणार्थ:

‘सर, मेल सर्जिकलमधून बोलतेय. बेड १४, ६२ वर्षांचे काका, तासाभरापासून बरळताहेत आणि श्वास २८ आहे. आतड्याला छिद्र पडलं म्हणून परवा ऑपरेशन झालंय. संध्याकाळी ६ ला नाडी ९२, बीपी १३०/८० होतं. आत्ता नाडी १२४, बीपी ९६/६०, ताप १०२, मास्कवर ५ लिटर चालू असून एसपीओटू ९३, चार तासांत लघवी ६० मिली. शुगर १४२ आहे. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन बघावं. तोवर दुसरी लाइन लावून कल्चरचं रक्त काढून ठेवू का?’

हे मोठ्याने वाचायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. यात ‘पेशंट बरा वाटत नाही’ कुठेच नाही आणि शेवटी स्पष्ट मागणी आहे. ती नसली की समोरून ‘बरं, बघा, लक्ष ठेवा’ येतं आणि फोन बंद होतो. आणखी एक: बरळणाऱ्या पेशंटची शुगर फोनच्या आधी तपासलेली हवी. पहिला प्रश्न तोच येतो, आणि तो यायलाच हवा. याच काकांचे ‘न्यूज टू’ गुण काढले तर १५ होतात. ७ किंवा जास्त आले तर तातडीची अवस्था धरतात.

तोंडी ऑर्डर मिळाली तर लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा. आकडा सुटा सुटा करून बोला: ‘चार नऊ, एकोणपन्नास’. मराठीतले एकोणचाळीस-एकोणपन्नास फोनवर सारखेच ऐकू येतात. फोनची वेळ आणि मिळालेलं उत्तर नर्सेस नोट्समध्ये लिहा. १५ मिनिटांत कुणी आलं नाही तर त्यांच्या वरच्या डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरना कळवा. ही चुगली नव्हे.

प्रश्न : इन्सुलिनच्या लाल आणि केशरी टोपीच्या सिरिंजमध्ये नेमका फरक काय? दोन्हींवर युनिटच लिहिलेले असतात.
(बी.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष, जळगाव)

उत्तर : लाल टोपीची सिरिंज १ मिलीत ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपीची १०० युनिटवाल्यासाठी. आपल्याकडे १० मिलीच्या साध्या बाटल्या बहुधा ४० च्या असतात आणि पेनची ३ मिलीची काडतुसं १०० ची. पण ‘बहुधा’वर इन्सुलिन भरू नका, १०० च्या बाटल्याही येतात. लेबल वाचा.

उलटापालट झाली तर काय होतं? ऑर्डर २० युनिटची. लाल सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली. त्या सिरिंजने १०० चं इन्सुलिन भरलं तर अर्ध्या मिलीत ५० युनिट गेले, अडीचपट. उलट केशरी सिरिंजने ४० चं भरलं तर ०.२ मिलीत जेमतेम ८ युनिट. मग शुगर उतरत नाही, राउंडला डोस वाढवला जातो, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी योग्य सिरिंजने तो वाढवलेला डोस देतं. ही दुसरी चूक जास्त कावेबाज, कारण ती एक दिवस उशिरा उघडी पडते. पेनच्या काडतुसातून सिरिंजने इन्सुलिन ओढायची सवय याचसाठी मोडा.

जादा गेलंच तर घाम, थरथर, भलतंसलतं बोलणं, गुंगी यांकडे लक्ष ठेवा. शुगर ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. नातेवाईक पेढा पुढे करतील, पण खव्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. ऑर्डरप्रमाणे २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून दिलं की २५ ग्रॅम साखर जाते. आधी कॅन्युला शिरेत आहे ना ते बघा, बाहेर गेलं तर कातडी जळते. शुगर तपासण्याआधी बोट पाण्याने धुवून कोरडं करा. नुकतं केळं सोललेल्या बोटाने ५५ ची शुगर १५० दिसू शकते. आणि पेशंट मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असेल तर एकदा शुगर वर आली म्हणून निर्धास्त होऊ नका. गोळीचा असर टिकून राहतो, शुगर पुन्हा पडते, म्हणून किमान २४ तास तपासत राहावं लागतं.

प्रश्न : मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेट) पुढचा डोस देण्याआधी ट्यूटर मॅडम गुडघ्याचा झटका आणि लघवी बघायला सांगतात. यांचा संबंध काय? अँप्युलच्या हिशेबातही माझा गोंधळ होतो.
(जीएनएम, तिसरं वर्ष, चंद्रपूर)

उत्तर : आधी हिशेब. ५० टक्क्यांचं २ मिलीचं अँप्युल म्हणजे १ ग्रॅम. एक्लॅम्प्सियाच्या (गरोदरपणी बीपी वाढून येणाऱ्या आकडीच्या) पहिल्या डोसला असे १४ लागतात. शिरेतून ४ ग्रॅम: चार अँप्युल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली नॉर्मल सलाईन. झालं २० मिली, २० टक्क्यांचं. ते किमान पाच मिनिटं घेऊन सावकाश द्यायचं. स्नायूतून १० ग्रॅम: प्रत्येक कुल्ल्यात पाच अँप्युल, म्हणजे १० मिली, न पातळ करता, त्याच सिरिंजमध्ये २ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) १ मिली घेऊन, खोल. पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम, एकदा या बाजूला, एकदा त्या. प्रसूती किंवा शेवटची आकडी, यांतलं जे नंतरचं असेल तिथून २४ तास. एक घातक चूक टाळा: पातळ न केलेलं ५० टक्क्यांचं शिरेत जाणं. म्हणून दोन्ही सिरिंज भरल्या भरल्या लेबल लावा. शिरेतून देताना बाईला अंगभर गरम वाटतं, चेहरा लाल होतो. तो औषधाचाच गुण, अ‍ॅलर्जी नव्हे.

आता संबंध. मॅग्नेशियम बाहेर पडतं ते मूत्रपिंडातून. लघवी घटली की ते रक्तात साचतं. साचत गेलं की आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास मंदावून थांबतो, शेवटी हृदय. म्हणजे झटका ही श्वास थांबण्याच्या अलीकडची पाटी आहे, आणि लघवी त्याच्याही अलीकडची. म्हणून डोसआधी तीन गोष्टी: गुडघ्याचा झटका येतोय, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे, आणि मागच्या चार तासांत लघवी ताशी ३० मिलीच्या हिशेबाने किमान १२० मिली झाली आहे. एक जरी चुकली तर डोस थांबवा आणि कळवा.

झटका नीट काढता आला पाहिजे. गुडघ्याखाली हात घालून पाय सैल उचला, वाटीच्या लगेच खालच्या टेंडनवर (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीवर) हातोडी मारा. येत नसेल तर बाईला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगा आणि त्याच क्षणी मारा. स्पायनल (पाठीतून भूल) देऊन सिझर झालं असेल तर पायाचा झटका काही तास तसाही येणार नाही, तेव्हा कोपराच्या पुढच्या बाजूचा बघा. हे माहीत नसल्याने कुठे डोस विनाकारण चुकतो, तर कुठे ‘स्पायनलमुळे असेल’ म्हणत खरा धोका निसटतो.

मॅग्नेशियमवरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्क्यांचं १० मिली, म्हणजे १ ग्रॅम, सिरिंजसह उशाशी ठेवा. औषधांच्या कुलूपबंद कपाटात नको. ते शिरेतून सावकाश देतात. श्वास थांबला तर आधी अंबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास द्यायचा, कॅल्शियम दुसऱ्याने भरायचं. आणि मॅगसल्फ हे बीपीचं औषध नाही. त्याने आकडी थांबेल, १७०/११५ बीपी तसंच राहील आणि त्यासाठी वेगळी ऑर्डर घ्यावी लागेल.